सावर

दर सहा महिन्यांनी खिडकीचं पाकीट येतं.
मंगळवार, दहा चाळीस. दोन्ही यंत्रं आणि जुने साचे सोबत आणा.
सुपरवायझरकडे सकाळ मागून घ्यायची,
तो म्हणतो, पुन्हा? मी म्हणते, हो, पुन्हा.

हडर्सफील्डच्या चढावर बस धापा टाकते
आणि तिच्या जोडीने माझा धाकटा, निहार.
एक निळा पंप माझ्या पर्समध्ये, एक त्याच्या दप्तरात,
तिसरा शाळेच्या ऑफिसात, त्याचा फोटो चिकटवलेल्या डब्यात.
त्याची तारीख पुढच्या गुरुवारी: नळीत फुंकायचं,
काटा कुठवर सरकतो ते नर्सने लिहून घ्यायचं.
आमच्या घरात दाण्याचं कूट नाही
हे अकोल्याच्या जाऊबाईंना अजून पटत नाही.
मग खिचडीत घालता तरी काय गं, त्या विचारतात,
जणू मी मीठच सोडलंय.

आज मात्र शाल्मलीचे कान.

खोलीचं दार फ्रिजसारखं मिटतं.
भिंतींना राखाडी स्पंज, आत कापसाची हवा.
काचेपलीकडे मिस ॲक्रॉइड, गळ्यात चष्म्याची साखळी.
निहारला बाहेर कुणीतरी कोडं जुळवायला बसवलंय.
नियम ठरलेले: आईने मागे बसायचं,
हलायचं नाही, मान डोलवायची नाही.
आवाज आला की लाकडी माणूस होडीत.

माणूस गालाशी धरून ती थांबते,
साडेपाच वर्षांची, फोनवर कुणाची वाट बघणारी बाई.

घुम्म. एक माणूस होडीत.
घुम्म, जरा लांबून. दुसरा.
मग ती येते, बारीक, सुईच्या टोकाची शीळ.
मला येते. खुर्चीलासुद्धा येत असावी.
हात गालाशीच.
पुन्हा, थोडी मोठी. हात गालाशीच.
मी माझ्या पायाच्या अंगठ्याला दटावते, गप बस.
दीड वर्षापूर्वी इथेच मी खोकले होते,
मुद्दाम, अगदी शिळेवर.
तिने पटकन माणूस टाकला होता.
मिस ॲक्रॉइड काही बोलल्या नाहीत,
तो आवाज त्यांनी फक्त परत एकदा वाजवला.

बारशाला कुणाला ठाऊक होतं
की 'श' इतक्या उंच फांदीवर बसतो, आणि 'स' त्याच्या शेजारी?
यंत्रं काढली की ती आल्मली.
साठचे आठ होतात, सातचं आत,
सूर म्हणावं तर पोचतो नुसता ऊर.
शाल्मली म्हणजे सावरीचं झाड, मी तिला सांगते.
चढावर पाय घसरला की ओरडते, सावर!
तिला ऐकू जातं, आवर,
आणि पोर बिचारी आणखी घाई करते.

आता यंत्रं घालून.
शीळ येते, माणूस होडीत. शीळ, होडी. शीळ, होडी.
मग बराच वेळ शांतता,
आणि त्या शांततेत तिने एक माणूस अलगद उतरवला.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
काचेपलीकडचा चेहरा कोरा. पेन मात्र हललं.
बाहेर आल्यावर विचारलं, शेवटचा खरंच ऐकलास?
ती म्हणाली, तुला नाही आला?
तो अंदाज होता की कान,
हे मी मिस ॲक्रॉइडना विचारलं नाही.

कानात गुलाबी लगदा भरून नवं माप घेतलं.
रंग तिने निवडला: हिरवा, चकचकीत चुरा घातलेला.
पोस्टाने यायला दोन आठवडे.
तोवर जुने साचे सैल, कान पुढे निघून गेलेत.
बसथांब्यावर वारा होता, मी तिला जवळ घेतलं
आणि माझ्या कोटाशी तिचं यंत्र शिट्टी घालू लागलं.
निहारने कानांवर हात ठेवले.
तिला पत्ताच नाही.
मी सोडलं नाही. बस येईपर्यंत
ते तसंच वाजत होतं.